लिनक्स शिकताना आधी दुसरा वापरकर्ता तयार करा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्याच्या माडीवर मी संध्याकाळी लिनक्स या संगणक प्रणालीचे वर्ग घेतो. तिथे येणाऱ्यांत फौंड्रीतील यंत्रांचे प्रोग्रॅम सांभाळणारे कामगार असतात, शिवाजी विद्यापीठातील विद्यार्थी असतात आणि मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानांचे हिशेब पाहणारेही असतात. बहुतेकांनी पन्नास-साठ कमांडची यादी कुठूनतरी उतरवून पाठ केलेली असते. तरीही पडद्यावर परवानगी नाकारल्याची ओळ उमटली, की त्यांचा हात आपोआप कमांडच्या आधी ‘सुडू’ (त्या एका कमांडपुरता यंत्राचा सर्वाधिकार मागणारा शब्द) लिहितो, कारण तसे केले की काम होते असे कोणीतरी त्यांना सांगितलेले असते. काम होते हे खरे. पण आधी ते का अडले होते हे ज्याला सांगता येत नाही, त्याला लिनक्स येते असे मी धरत नाही.

या प्रणालीचा सगळा स्वभाव ती अनेकांसाठी बांधली गेली यातून आलेला आहे. केन थॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज प्रणालीची सुरुवात केली, डेनिस रिची त्यात सहभागी झाले आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी या भाषेत नव्याने लिहिला गेला. संगणक महाग असल्यामुळे एकाच यंत्राला अनेक टेलिटाइप जोडलेले असत, एकाच वेळी अनेक जण त्यावर काम करत, आणि टेलिटाइपवर टंकणे व कागदावर छापणे दोन्ही सावकाश चालत असल्यामुळे कमांडची नावे दोन-तीन अक्षरांत आटोपली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेला लिनक्सचा गाभा याच वळणावर घडला. म्हणून घरच्या लॅपटॉपवर एकट्याने बसून लिनक्स शिकणे म्हणजे कबड्डीचे नियम एकट्याने खेळून समजून घेण्यासारखे आहे. माझा आग्रह असा की पहिल्याच दिवशी यंत्रावर आणखी दोन वापरकर्ते तयार करावेत आणि त्यांच्या नजरेतून तेच यंत्र पाहावे.

आधी लेखनाविषयी एक खुलासा. पुढे कमांड, पत्ते, वापरकर्ते, गट आणि फाइली यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रावर ती रोमन अक्षरांत आणि स्मॉलमध्ये टंकावीत, आणि कमांडमधील आकडे इंग्रजी (1, 2, 3) टंकावेत. ‘एलएस’ म्हणजे एल आणि एस ही दोन अक्षरे. जिथे कॅपिटल अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे. स्मॉल आणि कॅपिटल अक्षरे या प्रणालीला वेगवेगळी वाटतात, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

यंत्र आणि पहिली ओळ

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप शिकण्यापुरता चालतो. त्यावर उबंटू ही लिनक्सची तयार आवृत्ती बसवावी. विंडोज काढायचे नसेल, तर विंडोज १० किंवा ११ मध्ये पॉवरशेल (विंडोजची कमांड टंकण्याची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ ही कमांड द्यावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे, म्हणजे विंडोजच्या आतच उबंटू मिळते. दुकानाचे किंवा कार्यालयाचे हिशेब असलेल्या यंत्रावर मात्र शिकाऊपण करू नये. बसवताना पहिल्या वापरकर्त्याचे नाव विचारले जाते. आपण तिथे ‘मालक’ असे लिहिले आणि यंत्राचे नाव ‘यार्ड’ ठेवले असे धरू. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकण्याच्या खिडकीत, पासवर्ड टंकताना पडद्यावर बहुधा ठिपकासुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडल्याचा समज करून घेऊ नये.

टर्मिनल उघडल्यावर अशी ओळ दिसते:

मालक@यार्ड:~$

ही ओळ बहुतेक जण न वाचताच पुढे टंकू लागतात. तिच्यात चार गोष्टी सांगितलेल्या असतात: आपण कोण आहोत, कोणत्या यंत्रावर आहोत, कोणत्या जागी उभे आहोत आणि आपला अधिकार काय आहे. लाटेसारखे चिन्ह म्हणजे आपले घर. शेवटी डॉलर असेल तर आपण साधे वापरकर्ते आहोत. तिथे # हे चिन्ह दिसले तर आपण ‘रूट’ झालो आहोत आणि आता यंत्र आपल्याला कशालाच हरकत घेणार नाही. तालमीत वस्तादाला कोणी अडवत नाही तसे. फरक इतकाच की वस्ताद विचार करून हात उचलतो, आणि रूट म्हणून बसलेला नवशिका तसा विचार करेलच असे नाही.

आपले नाव ‘हूॲमआय’ ही कमांड सांगते. आपली जागा ‘पीडब्ल्यूडी’ सांगते. बांधकाम खात्याशी तिचा संबंध नाही. समोर काय ठेवले आहे आणि ते कोणाचे आहे हे ‘एलएस -एल’ सांगते. मी कोण, मी कुठे, ही वस्तू कोणाची, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय काहीही पुसू, हलवू किंवा बदलू नये, एवढी एक शिस्त मी वर्गात सक्तीने पाळायला लावतो.

पत्ता

लिनक्समध्ये सी आणि डी अशा ड्राइव्ह नसतात. सगळे काही एका तिरक्या रेघेपासून, म्हणजे / पासून फुटलेल्या एकाच झाडावर असते. वापरकर्त्यांची घरे /होम मध्ये, यंत्राच्या मांडणीच्या फाइली /ईटीसी मध्ये, नोंदवह्या /व्हार/लॉग मध्ये आणि तात्पुरता पसारा /टीएमपी मध्ये असतो. पूर्ण पत्ता मोठ्याकडून लहानाकडे लिहितात: कोल्हापूर, राजारामपुरी, दहावी गल्ली, तिसरे घर. हा पत्ता कुठूनही सांगितला तरी त्याच दारात पोचवतो. ‘पुढच्या गल्लीत वळा’ हे मात्र सांगणारा कुठे उभा आहे त्यावर अवलंबून असते. तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता पहिल्या जातीचा, बाकीचे दुसऱ्या जातीचे. ‘सीडी’ या कमांडने जागा बदलते, ‘सीडी ..’ ने एक पायरी वर जाता येते आणि नुसत्या ‘सीडी’ ने थेट घरी परतता येते. नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टंकून टॅब दाबल्यास उरलेले नाव यंत्र स्वतः पूर्ण करते. या सवयीमुळे वेळ वाचतो आणि चुकीच्या जागी जाणेही टळते, कारण नाव पूर्ण झाले नाही तर त्या नावाची वस्तू तिथे नाही, किंवा त्या अक्षरांनी सुरू होणारी एकाहून जास्त नावे आहेत, हे एंटर दाबण्याआधीच कळते.

दुसरा आणि तिसरा माणूस

आता मुख्य काम. पुढील दोन कमांड द्याव्यात:

सुडू ॲडयूजर दिवाणजी
सुडू ॲडयूजर तोलाईदार

पासवर्ड आपण ठरवावे. बाकीचे प्रश्न एंटर दाबून सोडून द्यावेत. मग टर्मिनलची दुसरी खिडकी उघडून तिथे ‘एसयू - दिवाणजी’ असे टंकावे आणि दिवाणजीचा पासवर्ड द्यावा. मधली आडवी रेघ सोडू नये, ती असली तरच दिवाणजीच्या स्वतःच्या घरात प्रवेश होतो. आता ओळीच्या सुरुवातीला दिवाणजीचे नाव दिसेल. तिथून ‘एलएस /होम/मालक’ करून पाहावे. उबंटूच्या २१.०४ पासूनच्या आवृत्त्यांत नव्या घराचे दार इतरांना बंद असते, त्यामुळे परवानगी नाकारल्याची तीच ओळ येईल. या वेळी मात्र ती का आली हे आपल्याला ठाऊक आहे, कारण दाराच्या दोन्ही बाजूंना आपणच उभे आहोत.

दुकानात मालक आणि दिवाणजी दोघांना पाहता येईल, पण तोलाईदाराला उघडता येणार नाही अशी एक जागा हवी आहे असे समजू. त्यासाठी मालकाच्या खिडकीतून एक गट तयार करावा आणि दोघांना त्यात घालावे:

सुडू ॲडग्रुप अडत
सुडू यूजरमॉड -एजी अडत मालक
सुडू यूजरमॉड -एजी अडत दिवाणजी

यातील ए स्मॉल आणि जी कॅपिटल आहे. या ए विषयी स्वानुभवाची एक गोष्ट सांगतो. तो ए ‘आधीच्या गटांत भर घाल’ असे सांगतो. तो गाळला तर यंत्र आधीचे सगळे जोडगट काढून टाकते आणि नवा एकच ठेवते. एका शनिवारी एका छोट्या कार्यालयाच्या सर्व्हरवर मी स्वतःच्याच नावासाठी हा ए विसरलो. ‘सुडू’ वापरण्याचा हक्क सुडू याच नावाच्या गटातून मिळतो. त्या गटातून मी स्वतःला काढून टाकले होते आणि पुन्हा आत येण्यासाठी सुडूच हवे होते. शेवटी यंत्र रिकव्हरी मोडमध्ये सुरू करून, रूटच्या ओळीवर तीच कमांड ए सकट देऊन परत आलो. तेव्हापासून ही कमांड देण्याआधी आणि नंतर ‘आयडी मालक’ करून गटांची यादी वाचतो.

गट बदलल्याचा परिणाम चालू बैठकीवर होत नाही. दोघांनीही बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे. ‘सगळे बरोबर केले तरी चालत नाही’ या तक्रारीचे कारण वर्गात बहुतेक वेळा हेच निघते.

मग सामाईक जागा. पहिली कमांड नवी डिरेक्टरी (फाइली ठेवण्याचा कप्पा) करते, दुसरी ती अडत गटाच्या नावावर करते, तिसरी तिच्यावरचे हक्क ठरवते:

सुडू एमकेडीआयआर /एसआरव्ही/अडत
सुडू सीएचजीआरपी अडत /एसआरव्ही/अडत
सुडू सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/अडत

आकडे वाचणे

शेवटच्या कमांडमधील आकडा पाठ करू नये, फोडावा. वाचणे म्हणजे ४, लिहिणे म्हणजे २ आणि चालवणे म्हणजे १. पहिला ७ धन्याचा, दुसरा ७ गटाचा, शून्य बाकी जगाचे. सुरुवातीच्या २ मुळे या डिरेक्टरीत जो कोणी नवी फाइल करेल तिचा गट आपोआप ‘अडत’ होतो. तो नसता, तर दिवाणजीने केलेली फाइल दिवाणजीच्याच गटाची राहिली असती आणि मालकाला ती उघडेलच याची खात्री राहिली नसती.

मालकाने आता ‘नॅनो /एसआरव्ही/अडत/सौदा’ असे लिहून फाइल उघडावी, पुढील चार ओळी टंकाव्यात, कंट्रोल आणि ओ दाबून एंटर करून साठवावे, कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर यावे. गाव, रवे (गुळाच्या ढेपा) आणि दर असा क्रम आहे. आकडे सरावापुरते कल्पित आहेत.

वडणगे,४०,४१००
सांगरूळ,२५,४३५०
कळे,६०,३९००
वडणगे,३०,४२००

त्यानंतर त्याच डिरेक्टरीत जाऊन ‘सीएचमॉड ६४० सौदा’ करावे आणि ‘एलएस -एल’ ने पाहावे. ओळीच्या डाव्या टोकाला दहा चिन्हे दिसतात. पहिले चिन्ह प्रकार सांगते: आडवी रेघ म्हणजे साधी फाइल, डी म्हणजे डिरेक्टरी. पुढे तीन-तीनांचे तीन गट: धनी, गट, बाकीचे. आर म्हणजे वाचणे, डब्ल्यू म्हणजे लिहिणे, एक्स म्हणजे चालवणे, आणि रेघ म्हणजे तो हक्क नाही.

इथे दोन बारकावे आहेत, आणि अनुभवी माणसेही त्यांवर अडखळतात. पहिला असा की यंत्र हक्कांची बेरीज करत नाही. तुम्ही धनी असाल तर फक्त धन्याचा आकडा पाहिला जातो. गटाला जास्त हक्क दिले असले तरी ते तुमच्या कामी येत नाहीत. खात्रीसाठी ‘सीएचमॉड ०४० सौदा’ करून मालकाच्या खिडकीतून ‘कॅट सौदा’ करावे: स्वतःचीच फाइल मालकाला वाचता येणार नाही, दिवाणजीला मात्र खुशाल येईल. धन्याला आकडा बदलण्याचा अधिकार तरीही राहतोच, त्यामुळे ६४० परत करून घ्यावे.

दुसरा बारकावा अधिक महागात पडणारा आहे. मालकाने ‘सीपी सौदा नमुना’ अशी प्रत करावी. दिवाणजीच्या खिडकीतून ‘नमुना’ वाचता येतो, पण बदलून साठवता येत नाही, कारण गटाला ४ एवढाच हक्क आहे. आता दिवाणजीने ‘आरएम नमुना’ करावे. लिहिण्यास मनाई असलेली फाइल काढायची का, असे यंत्र एकदा विचारते; वाय टंकून एंटर दाबले की फाइल नाहीशी होते. वर्गात या क्षणी कोणी ना कोणी ‘हे कसं काय?’ असे विचारतेच. उत्तर डिरेक्टरीच्या अर्थात आहे. डिरेक्टरी ही नावांची वही आहे. त्या वहीत वाचण्याचा हक्क म्हणजे नावे पाहणे, लिहिण्याचा हक्क म्हणजे नावे घालणे व खोडणे, आणि एक्स म्हणजे त्या दारातून आत जाणे. फाइल पुसणे म्हणजे वहीतले नाव खोडणे, आणि वही लिहिण्याचा हक्क आपणच गटाला दिलेला आहे. उपाय एका आकड्याचा आहे: ‘सुडू सीएचमॉड ३७७० /एसआरव्ही/अडत’. जादा १ मुळे ज्याची फाइल त्यालाच, किंवा डिरेक्टरीच्या धन्याला, ती काढता येते. रूटला अर्थात काहीच अडत नाही. /टीएमपी या सार्वजनिक जागेवर हीच व्यवस्था असते, तिचा आकडा १७७७.

तोलाईदाराच्या नावाने येऊन ‘सीडी /एसआरव्ही/अडत’ करून पाहावे. त्याला दारातच अडवले जाईल.

नळ जोडणे

आता याच फाइलवर कामाच्या कमांड शिकाव्यात. ‘ग्रेप वडणगे सौदा’ वडणग्याच्या दोन ओळी काढून देते. ‘सॉर्ट -टी, -के३,३एन सौदा’ तिसऱ्या रकान्याप्रमाणे, म्हणजे दराप्रमाणे, चढत्या क्रमाने लावते. कळ्याची ओळ वर आणि सांगरूळची तळाला येते. मात्र फाइलमधील आकडे इंग्रजी अंकांतच (1, 2, 3) टंकलेले हवेत. देवनागरी अंक सॉर्टला संख्या म्हणून ओळखता येत नाहीत, आणि ते चूक न दाखवता भलताच क्रम देते. मराठीत नोंदी ठेवणाऱ्याने गावांची नावे खुशाल देवनागरीत ठेवावीत, अंक मात्र इंग्रजी ठेवावेत.

उभी रेघ एका कमांडचे उत्तर दुसरीच्या तोंडात देते. हिला पाइप म्हणतात. ही कल्पना डग मॅकिलरॉय यांनी लावून धरली आणि १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये आली. कोणत्या गावाचा माल किती वेळा आला हे असे काढावे:

कट -डी, -एफ१ सौदा | सॉर्ट | यूनिक -सी

यूनिकच्या रोमन नावात शेवटचे अक्षर क्यू आहे. ते फक्त लागून आलेल्या सारख्या ओळी एकत्र करते, म्हणून आधी सॉर्ट लागते. मधले सॉर्ट काढून तीच कमांड पुन्हा दिली, की वडणगे दोनदा, एकेक मोजून, वेगळे दिसेल. काढून पाहावेच, वाचून हे डोक्यात बसत नाही.

मराठीसाठी आणखी एक गंमत. ‘एको कोल्हापूर | डब्ल्यूसी -सी’ याचे उत्तर २८ येते. डोळ्याला चारच अक्षरे दिसतात; पण काना, उकार आणि हलन्त धरून त्यात नऊ चिन्हे आहेत, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेते, आणि ओळीच्या अखेरीचा एक बाइट अधिक. सी ऐवजी एम वापरल्यास १० मिळतात. फाइलचा आकार अपेक्षेपेक्षा तिप्पट का, हे यातून कळते.

उत्तर फाइलमध्ये ठेवायचे असेल तर > वापरावे. आधीच्या मजकुराखाली जोडायचे असेल तर >> वापरावे. ‘सॉर्ट सौदा > सौदा’ हे मात्र कधीही करू नये. शेल (आपण टंकलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) आधी उजवीकडची फाइल रिकामी करून उघडतो आणि मग सॉर्टला बोलावतो. सॉर्टच्या हाती रिकामी वही येते आणि सौदा संपतो.

पुसण्याबाबत थोडक्यात: आरएम ला कचऱ्याची टोपली नसते. तारका (*, म्हणजे ‘कोणतेही नाव’) वापरून पुसायचे असेल तर आधी तीच तारका ‘एलएस’ ला द्यावी, यादी वाचावी, आणि वरचा बाण दाबून एलएसच्या जागी आरएम करावे. तारका आणि पुढचे नाव यांच्यात चुकून पडलेली एक मोकळी जागा त्या डिरेक्टरीतील जवळजवळ सगळ्या फाइली पुसून टाकते.

चालू कामे

चालणाऱ्या प्रत्येक कामालाही धनी असतो. दिवाणजीच्या खिडकीत ‘स्लीप ६००’ द्यावे. दहा मिनिटे ते नुसते पडून राहील. तोलाईदाराच्या खिडकीतून ‘पीएस -ईएफ | ग्रेप स्लीप’ करावे. धन्याचे नाव आणि कामाचा क्रमांक दिसेल. त्या क्रमांकावर ‘किल’ चालवल्यास नकार मिळेल, कारण दुसऱ्याचे काम थांबवण्याचा हक्क तोलाईदाराला नाही. तीच कमांड दिवाणजीच्या नावाने दिल्यास काम थांबते. साधे किल कामाला आवरून निघण्याची सूचना देते. ‘किल -९’ त्याला आवरण्याची संधीच देत नाही, त्यामुळे अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहू शकते. आधी साधे किल, थोडी वाट, आणि मगच ९. स्वतःच्या खिडकीतील काम थांबवायला कंट्रोल आणि सी पुरते.

कोणत्याही कमांडची माहिती ‘मॅन’ देते, जसे ‘मॅन सॉर्ट’. आत तिरकी रेघ देऊन शब्द शोधता येतो, क्यू दाबून बाहेर पडता येते. ही पाने कोरडी आहेत, पण समोरच्या यंत्रावर बसवलेल्या कमांडचेच वर्णन त्यांत असते, म्हणून इतर ठिकाणच्या सल्ल्यापेक्षा मी त्यांना वरचे स्थान देतो.

माणूस सोडून गेल्यावर

सराव संपल्यावर वापरकर्ते काढण्याआधी एक शेवटचा प्रयोग करावा. दिवाणजीच्या नावाने सामाईक जागेत एक फाइल ठेवावी, ‘एक्झिट’ करून त्याच्या खिडक्या बंद कराव्यात आणि मालकाकडून ‘सुडू डेलयूजर दिवाणजी’ द्यावे. मग ‘एलएस -एल /एसआरव्ही/अडत’ पाहावे. धन्याच्या रकान्यात नावाऐवजी १००१ असा क्रमांक दिसेल. यंत्र मुळात क्रमांकच ओळखते; नावे /ईटीसी/पासडब्ल्यूडी या फाइलमधून आपल्या सोयीसाठी दाखवली जातात. उबंटूमध्ये पहिल्या माणसाला १००० मिळतो आणि पुढचे त्यानंतर. आता नवा कोणी नोकरीला लागला आणि त्याच्यासाठी ॲडयूजर केले, तर मोकळा झालेला १००१ त्याला मिळू शकतो, आणि जुन्या दिवाणजीच्या सगळ्या फाइली कोणी न देता त्याच्या मालकीच्या होतात. म्हणून खऱ्या दुकानात माणूस सोडून गेला तर आधी ‘सुडू यूजरमॉड -एल दिवाणजी’ देऊन, यात एल कॅपिटल, त्याच्या पासवर्डला कुलूप लावावे, ‘सुडू फाइंड / -यूजर दिवाणजी’ ने त्याच्या फाइली शोधाव्यात, ‘सुडू सीएचओन’ ने त्या ज्याच्याकडे जायच्या त्याच्या नावावर कराव्यात, आणि यादी रिकामी आल्यावरच नाव काढावे.